शनिवारचा बंद घाणा : हिब्रू शास्त्रांतील इशारा, संकट आणि विश्वास



विषयाचे नाव वाचून काहींच्या मनात शंका आली असेल, की बदलापुरातल्या माणसांना यहुदी लोकांच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु ज्या ग्रंथांविषयी मी बोलणार आहे त्यांचे पाठक इथून फार दूर राहत नव्हते. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागांत ते शतकानुशतके राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवीत राहिले. ठाण्यातले त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. त्यांच्याकडे आपण शेवटी वळू. आरंभ मात्र आपल्या उल्हास नदीपासून करतो.

२६ जुलै २००५चा पूर इथल्या जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१९च्या जुलैत, पुन्हा त्याच तारखेच्या रात्री कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० उतारू होते. चहूकडे अंधार, रुळांवर पाणी, वर पाऊस. अशा वेळी रेल्वेने उतारूंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कळविली : गाडीतून उतरू नका, गाडी हीच सुरक्षित जागा आहे, मदत येत आहे. दुसऱ्या दिवशी होड्या आल्या, आपत्ती दलाचे जवान आले, नौदल आले, आसपासचे गावकरी धावले, आणि दुपारपर्यंत सारे उतारू सुखरूप बाहेर पडले.

त्या डब्यात बसलेल्या माणसाच्या मनाची क्षणभर कल्पना करा. पाय म्हणतात, पळ. कान सांगतात, बसून राहा. पाणी डोळ्यांसमोर चढते आहे, मदत कुठेही दिसत नाही. दिसते आहे ती फक्त एक सूचना, आणि तीही दुसऱ्याने दिलेली. रेल्वेच्या सूचनेला ईश्वराची आज्ञा म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण हिब्रू शास्त्रांत विश्वासाचा प्रश्न जेथे जेथे उभा राहतो, तेथे तो बहुधा अशाच रूपात उभा राहतो. देव आहे की नाही, हा तिथला वादाचा विषयच नव्हे. त्याने सांगितलेले आत्ता, या पाण्यात, ऐकावयाचे की नाही, हा वाद आहे.

‘ऐकावयाचे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. हिब्रू भाषेत ‘शमा’ या धातूचा अर्थ कानाने ऐकणे असा आहे, आणि सांगितल्याप्रमाणे वागणे असाही आहे. इंग्रजी भाषांतरकारांना यासाठी दोन वेगळे शब्द योजावे लागतात. मराठीला ती अडचण नाही. ‘आमचा मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा मुलगा बहिरा आहे असे कोणी समजत नाही. मराठी माणसाला हिब्रू शास्त्राची ही किल्ली जन्मतःच हाती आलेली आहे. यहुद्यांची मुख्य प्रार्थना ‘शेमा’ ही याच धातूवरून ओळखली जाते. तिचा पहिलाच शब्द इस्राएलाला ‘ऐक’ म्हणून सांगतो. पाहा, मान, पूज असे काही न सांगता आधी ऐकावयास सांगतो.

आता इशाऱ्याकडे वळू. आपल्याकडे ‘भविष्य सांगणे’ म्हटले की ज्योतिषी आठवतो. ज्योतिष्याचे यश भाकीत खरे ठरण्यात असते. हिब्रू शास्त्रातला नबी, ज्याला मराठी बायबलात संदेष्टा म्हटले आहे, तो अगदी निराळा प्राणी आहे. त्याचा इशारा खोटा ठरला तर तो जिंकला. योनाची गोष्ट या बाबतीत मोठी गमतीची आहे. चाळीस दिवसांत निनवे नगरी धुळीस मिळेल असे तो पुकारतो. नगरी घाबरते, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुरांनाही उपास घडतो आणि त्यांच्याही अंगावर तरट चढते. नगरी वाचते. आणि योना? तो रुसतो! आपले भाकीत फुकट गेले म्हणून गावाबाहेर जाऊन बसतो. योनाने स्वतःला ज्योतिषी मानले होते, ही त्याची चूक. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी जगभरच्या यहुदी मंदिरांतून हेच लहानसे पुस्तक वाचले जाते. ज्यांना इशारा मिळाला ते परके होते, शत्रू होते, तरी त्यांनी ऐकले. हे आपल्याच समाजाला वर्षातून एकदा ऐकवावयाचे, याला धैर्य लागते.

परंतु ऐकले की संकट टळलेच, असे गणित कोणी बांधील तर तेही चालणार नाही. यरुशलेमच्या दोन राजांची, बापलेकांची, हकीकत पाहा. योशीया राजाच्या काळी, इ.स.पू. ६२२च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असता नियमशास्त्राची एक गुंडाळी सापडली. चिटणिसाने ती राजापुढे वाचली. आज्ञा मोडल्यास राष्ट्रावर काय ओढवेल याचे वर्णन ऐकताच राजाने आपली वस्त्रे फाडली आणि हुल्दा नावाच्या एका स्त्रीकडे माणसे पाठविली. ती संदेष्टी होती. (त्या काळच्या दरबाराला धर्माचा निर्णय स्त्रीला विचारण्यात कमीपणा वाटला नाही, हे जाता जाता लक्षात ठेवण्याजोगे आहे.) हुल्देने दिलेले उत्तर कडू होते. संकट येणारच, पण तुझे मन मऊ झाले, म्हणून ते तुझ्या डोळ्यांना दिसणार नाही. कोणी म्हणेल, मग ऐकून फायदा काय झाला? योशीयाने तो प्रश्न विचारला नाही. हे उत्तर मिळाल्यावरही त्याने सर्व लोकांना एकत्र करून ती गुंडाळी मोठ्याने वाचली, करार पुन्हा केला आणि देशातील मूर्तिपूजेची ठाणी मोडावयास घेतली. टळणार नाही हे कळल्यावर सुरू केलेले हे काम आहे.

त्याचा मुलगा यहोयाकीम. यिर्मया या संदेष्ट्याचे इशारे बारूख नावाच्या लेखनिकाने गुंडाळीवर उतरले होते. हिवाळ्याचे दिवस, राजा शेगडीपाशी शेकत बसला आहे, एक दरबारी गुंडाळी वाचतो आहे. तीनचार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीनचार रकाने, पुन्हा चाकू. काही सरदार नको नको म्हणतात. तो थांबत नाही. ग्रंथकार येथे एवढेच नमूद करतो की राजाने अगर त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत. बापाने कपडे फाडले होते, मुलाने कागद फाडला! दोघांच्याही कानांवर शब्द पडले होते, ऐकले एकाने. पुढे यिर्मयाने तीच गुंडाळी बारूखाकडून पुन्हा लिहवून घेतली, आणि तीत आणखी मजकूर घातला.

येथे एक रास्त आक्षेप निघतो. इशारा देणारे पुष्कळ असतात. खरा कोणता हे साध्या माणसाने कसे ओळखावे? हा आक्षेप हिब्रू ग्रंथांनी टाळलेला नाही. यिर्मया बाबेलच्या गुलामीचे चिन्ह म्हणून मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत असे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष म्हणाला, की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, कैदेत नेलेले परत येतील. असे म्हणून त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडूनही टाकले. यिर्मयाने काय केले असेल? तो आधी ‘आमेन’ म्हणाला. तसेच होवो, माझीही तीच इच्छा आहे. मग इतकेच सुचविले, की पूर्वीचे संदेष्टे बहुधा कटू तेच सांगत आले. गोड सांगणाऱ्याची पारख ते घडून आल्यावरच होते. आणि तो तेथून निघून गेला. पुढचे वचन घेऊन तो परत आला ते नंतर. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. खरा इशारा देणाऱ्याला इशाऱ्यात रस नसतो. आपण खोटे ठरलो तर त्याला हवेच असते. दुसऱ्याच्या नाशाची बातमी चवीने सांगणारा माणूस कितीही धर्मग्रंथ तोंडपाठ म्हणो, त्याची गणना यिर्मयाच्या पंक्तीत करू नये.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळले. मागे राहिलेली थोडी माणसे भेदरून यिर्मयाकडे आली. आम्ही काय करावे ते देवाला विचार. उत्तर बरे असो की वाईट, आम्ही ऐकू, अशी शपथ त्यांनी वाहिली. यिर्मयाने दहा दिवस वाट पाहिली. उत्तर आले ते असे : या उद्ध्वस्त देशातच राहा, बाबेलच्या राजाला भिऊ नका, मिसर देशात पळाल तर ज्या तलवारीला भिऊन पळता ती तेथे गाठील. लोकांनी लगेच त्याला लबाड ठरविले. वस्तुतः त्यांचे सामान बांधून तयार होते. त्यांना आपल्या निर्णयावर फक्त शिक्का हवा होता. ते मिसरला गेले आणि म्हाताऱ्या यिर्मयालाही बरोबर घेऊन गेले. गाडीतून उतरू नका, हे ऐकणे किती अवघड असते ते येथे कळते. चालावयास सांगितले तर माणूस संकटात आनंदाने चालू लागतो. थांबावयास सांगितले की त्याची कसोटी लागते.

आज्ञा पाळणाऱ्याचे तरी सर्व सुरळीत होते काय? एलीया संदेष्ट्याला विचारावे. अहाब राजाला त्याने अवर्षणाचा इशारा दिला आणि देवाच्या सांगण्यावरून करीथ नावाच्या ओहोळाकाठी जाऊन राहिला. कावळे त्याला अन्न आणून देत, ओहोळाचे पाणी तो पिई. आपल्या कीर्तनांतल्या भक्तकथांशी जुळते असे इथपर्यंत वाटते. पण पुढे ग्रंथ साध्या शब्दांत सांगतो की काही दिवसांनी तो ओहोळ आटला, कारण देशात पाऊस पडला नव्हता. ज्याने अवर्षण सांगितले त्याच्याच पाण्याचा ओहोळ आटला! देवाने त्याच्यापुरता ओहोळ वाहता ठेवला नाही. त्याला दुसऱ्या गावी, सारफथला, एका गरीब विधवेच्या दारी पाठविले. तिच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल शिल्लक होते. मग ते पीठतेल अवर्षण संपेपर्यंत पुरले. हा चमत्कार लोकांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात आटलेला ओहोळ राहतो. पुढे कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतरही याच एलीयाला राणी ईजबेलच्या भीतीने रानात पळावे लागले, आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवापाशी मरण मागितले. देवाने त्याला रागे भरले नाही. झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. विश्वास ठेवणारा कधी खचत नाही, असे हा ग्रंथ म्हणत नाही.

विश्वास याला हिब्रूत ‘एमुना’ म्हणतात. ‘आमेन’ हा शब्दही त्याच मुळाचा. त्याचा पहिला अर्थ स्थिरपणा. अमालेकांशी लढाई चालली असता मोशेचे हात वर असले म्हणजे इस्राएल जिंके, हात खाली आले म्हणजे हरे. म्हाताऱ्याचे हात ते, अवघडून गेले. तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले, आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले. या ‘स्थिर’साठी ग्रंथात एमुना हाच शब्द आला आहे. म्हणजे ही स्थिरता एकट्याच्या बळावर आलेली नाही. दोन शेजारी हात धरून उभे होते.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हे केव्हा घडले याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंपरेप्रमाणे त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. हळूहळू हिब्रू भाषाही गेली. उरले काय? सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही उपास, शेमाचे ते एक वाक्य, आणि शनिवार. तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले.

हे नाव आपण सहज उच्चारतो. त्यामागचा हिशेब कोणी मांडत नाही. हातावर पोट असलेल्या तेल्याने सात दिवसांतला एक दिवस बंद ठेवणे म्हणजे वर्षाचे बावन्न दिवस उत्पन्नावर पाणी सोडणे. गावचा दुसरा तेली सोमवारी घाणा बंद ठेवी, शिवाचा वार म्हणून. त्याला गावाची साथ होती. शनिवार पाळणाऱ्याला कारण विचारले तर सांगावयास ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता, मंदिर नव्हते. आजोबा पाळीत, म्हणून आम्ही पाळतो, इतकेच. अडाणीपणाची रूढी म्हणून कोणी याला हसेल. पण शब्द हरवल्यावरही जे ऐकणे उरते, ते हेच. शिवाय मूळ आज्ञेत विश्रांती मालकाला आहे, चाकराला आहे, दारी आलेल्या परक्याला आहे आणि बैलालाही आहे. घाण्याच्या बैलाचे डोळे त्या दिवशी मोकळे राहत.

पुढे दाविद राहाबी नावाच्या एका यहुद्याने त्यांना ओळखले, अशी कथा आहे. मासळी समोर ठेवली तेव्हा बायकांनी पर आणि खवले असलेलीच तेवढी निवडून घेतली. त्यानंतर ग्रंथ परत आले, आणि ते मराठीतून आले. डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत १८३२ साली छापले. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात चक्क कीर्तने होऊ लागली : तीच साकी, तीच दिंडी, आणि आख्यान मात्र अब्राहामाचे नाही तर योसेफाचे. सर्वांत आवडता पुरुष एलीया, ‘एलियाहू हन्नाबी’. अलिबागेजवळ खंडाळे येथे त्याच्या रथाची चाके उमटली आहेत अशी श्रद्धा आहे. नवस फेडावयाचा तो त्याच्या नावाने, पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा करून. झुडपाखाली मरण मागणारा हाच तो एलीया. त्याचा रथ कोकणातल्या खडकावरून गेला!

यिर्मयाने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना एक पत्र पाठविले होते. लवकर सुटाल या आशेवर बसू नका. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे कल्याण इच्छा, असा त्याचा आशय आहे. सत्तर वर्षांचा मुक्काम तो सांगतो. आपल्या शेजारी उल्हासनगर आहे. लढाईच्या वेळची लष्करी छावणी होती, तेथे सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे उतरली, आणि १९४९ साली गावाला नाव मिळाले. बराकीत पहिली भिंत घालणाऱ्या माणसाला हे पत्र कोणी समजावून सांगावे लागणार नाही. पेणकर, नवगावकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे घेऊन राहणाऱ्या बेने इस्राएलांनी तर ते पत्र हाती नसताना पाळले.

त्यांची कठीण परीक्षा मात्र परक्या देशात झाली नाही. १९४८नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले. आज भारतात ते काही हजारच उरले आहेत. तेथे गेल्यावर त्यांच्या लग्नांच्या वेळी धर्मपीठाने शंका काढली : हे खरे यहुदी कशावरून? पूर्वजांची चौकशी करावी असे १९६२ साली ठरले. शनिवारचा घाणा ज्यांनी ग्रंथावाचून बंद ठेवला, त्यांना ग्रंथवाल्यांनी हा प्रश्न विचारावा! १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात धरणे धरले. ऑगस्टमध्ये सरकार आणि संसद यांनी ते सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपला आदेश बदलावा लागला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, तेव्हा येथे थोडेच कुटुंबीय उरले होते.

एक गोष्ट सांगून थांबतो. ती जमिनीची आहे, आणि बदलापुरात जमिनीच्या गोष्टीला श्रोता मिळतोच. यरुशलेमला वेढा पडला होता. नगर पडणार हे यिर्मया कित्येक वर्षे सांगत होता आणि त्याच अपराधाबद्दल राजाने त्याला पहाऱ्याच्या चौकात अडकवून ठेवले होते. अशात त्याचा चुलतभाऊ हानामेल आला आणि म्हणाला, अनाथोथ गावचे माझे शेत तू विकत घे, तुझाच हक्क आहे. अनाथोथ यरुशलेमच्या अगदी शेजारी. तो सारा मुलूख शत्रूच्या पायाखाली. अशा वेळी कोण जमीन घेईल? देवाने सांगितले होते, म्हणून यिर्मयाने घेतली. सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले, खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि बारूखाला सांगितले की हे कागद मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. कागद झाल्यावर मात्र त्याने देवाला विचारले, की नगर तर आता पडते आहे, आणि तू मला शेत घ्यावयास सांगतोस? म्हणजे शंका त्यालाही होती. ती खरेदीखतावर सही झाल्यावर निघाली.

त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर धरल्याचा उल्लेख नाही. लोकांनी त्याला मिसरला नेले, तेथेच त्याची हकीकत संपते. पुढे बंदिवास सरून परत आलेल्यांची एक यादी एज्राच्या पुस्तकात दिली आहे, गावोगावच्या संख्यांची, वाचावयास कंटाळवाणी. तीत अनाथोथ गाव आहे, आणि त्याच्यापुढे आकडा आहे : पुरुष १२८.